थरथरत्या सुरांना नावं लावताना

एका व्हायोलिनवादनाच्या माहितीपत्रकाचं मराठी भाषांतर करताना एकाच परिच्छेदात व्हायब्रेटो, ट्रेमोलो आणि ट्रिल असे स्वर हलवण्याच्या पद्धतींचे तीन शब्द आले. हाताशी तीन कोश होते. दोघांत तिन्ही शब्दांसमोर ‘कंप’ किंवा ‘कंपन’ एवढंच, तिसऱ्यात ट्रेमोलोपुढे ‘कंपित स्वर’ आणि ट्रिलपुढे ‘गमक’. परिच्छेदाचा मुद्दाच असा होता की वादनात पहिलं आहे, दुसरं नाही आणि तिसरं मुद्दाम टाळलं आहे. तिन्हींना कंप म्हटलं तर मुद्दाच नाहीसा होतो. म्हणून 10 जूनला या शब्दांची यादी करायला घेतली. नोव्हेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात ती 64 नोंदींवर पुरी झाली. पैसे लागले ते कार्डं आणि छायाप्रतींपुरते. वेळ मात्र सुमारे 120 तास गेला आणि त्यातला निम्मा चुकीच्या क्रमाने काम केल्यामुळे. हा क्रम आधी माहीत असता तर काम तीन महिन्यांत झालं असतं, म्हणून तो इथे लिहून ठेवतो आहे.

पहिले तीन आठवडे फक्त गोळा करायचं. एका कार्डावर एक शब्द, तो जिथे भेटला ते अख्खं वाक्य, बोलणारा कोण (गायक, सतारवादक, पियानो शिकवणारा, ध्वनिमुद्रण करणारा) आणि कोणत्या वाद्याबद्दल बोलतो आहे. अर्थाची जागा कोरी ठेवायची. हा नियम कडक पाळा. पहिल्याच दिवशी अर्थ लिहून टाकला की पुढची सगळी वाक्यं आपण त्या अर्थाला चिकटवूनच वाचतो. सुरुवातीची 15 कार्डं याच चुकीमुळे फाडून पुन्हा करावी लागली. जून संपला तेव्हा 91 कार्डं झाली होती. गिटकडी आणि गिटकिरी असे नुसते उच्चाराचे फरक एकत्र केले, एकाच शब्दाची वेगवेगळी रूपं काढली, की 64 उरले.

जुलैच्या सुरुवातीला एक रकाना वाढवावा लागला: ‘रोजचा अर्थ’. मराठीत हा रकाना नसेल तर घोटाळा अटळ आहे, कारण संगीतातले कितीतरी शब्द घरातही वापरात असतात आणि तिथे भलतंच काही सांगतात. ‘हरकत’ म्हणजे आपल्या बोलण्यात आक्षेप. गाण्यात ती स्वरांची छोटी, चपळ हालचाल. मूळ अरबी शब्दाचा अर्थ हालचाल हाच, म्हणजे गवयांनी जुना अर्थ जपला आणि कचेऱ्यांनी नवा चालवला. ‘खटका’ म्हणजे दाराची कडी, बंदुकीचा घोडा, दोघांतली चकमक. गाण्यात तो स्वरांचा झटकन दिलेला गुच्छ. ‘आंदोलन’ म्हटलं की मोर्चा डोळ्यांपुढे येतो. स्वराला मात्र आंदोलन म्हणजे संथ झुलणं. जुन्या संगीतविषयक पुस्तकांत ‘आंदोलनसंख्या’ असाही शब्द भेटतो आणि तिथे तो आजच्या विज्ञानाच्या पुस्तकातली वारंवारता सांगतो, झुलण्याशी त्याचा संबंध नाही. ‘यशाचं गमक’ मधलं गमक आणि गळ्यातली गमक एकाच ‘गम्’ धातूतून आलेले. एक पोचवतं, दुसरी चालते. आणि ‘जागा’. ‘काय जागा घेतली!’ हे वाक्य संगीत न ऐकणाऱ्या माणसाला समजावताना शब्दकोश उपयोगी पडत नाही. बंदिशीतल्या नेमक्या ठिकाणी नेमकं सुचलेलं स्वरवाक्य, असं लांबलचक लिहावं लागलं.

हे सगळं करूनही यादी पुढे सरकेना. कारण एका शब्दाचा अर्थ दुसऱ्या शब्दाने लिहिला जात होता: कंप म्हणजे थरथर, थरथर म्हणजे कंप. जुलैच्या मध्यावर कंटाळा इतका आला होता की कार्डं डब्यात टाकून दहा दिवस बाजूला ठेवली. पुन्हा उघडली तेव्हा अर्थ लिहायचा सोडून प्रत्येक शब्दाला तीन प्रश्न विचारायला सुरुवात केली. हलतं काय: स्वराची उंची, आवाजाचा जोर, की एकच स्वर पुन्हा पुन्हा नव्याने वाजतो आहे? एका सेकंदात किती वेळा? आणि हलताना दुसरा स्वर वेगळा ऐकू येतो का; येत असेल तर तो वरचा की खालचा, आणि सुरुवात कोणापासून?

या तीन प्रश्नांनी पहिल्याच संध्याकाळी ते तीन शब्द सुटले. व्हायब्रेटोत उंची हलते, पण इतकी थोडी की कानाला स्वर एकच वाटतो. ट्रिलमध्येही उंची हलते, पण लगतच्या वरच्या स्वरापर्यंत, आणि दोन्ही स्वर स्वतंत्र ऐकू येतात. ट्रेमोलोत उंची जागेवर असते; जोर थरथरतो किंवा तोच स्वर भराभर पुन्हा वाजतो. खात्री करून घ्यायची असेल तर चालू पंख्यासमोर तोंड नेऊन एक लांब ‘आ’ म्हणा. आवाज तुकड्या-तुकड्यांनी परत येतो. त्यात मुख्यतः जोरच हलतो, सूर तिथेच राहतो. मग सतारीची किंवा गिटारची एक तार छेडून डाव्या हाताचं बोट तारेसकट किंचित आडवं हलवा. आता सूर हलतो, जोर नाही. हा फरक एकदा बोटाला कळला की वाचताना अडत नाही.

फक्त हे गृहीत धरू नका की लिहिणारे सगळे हा फरक पाळतात. इथे माझे सर्वांत जास्त तास गेले. इटलीत जुलिओ काच्चिनीने 1602 मध्ये छापलेल्या गीतसंग्रहाच्या प्रस्तावनेत ‘त्रिल्लो’ म्हणजे एकाच स्वरावर ‘आ’कारात गळ्याने पुन्हा पुन्हा दिलेले, वाढत्या वेगाचे आघात, दोन स्वरांच्या अदलाबदलीला तो ‘ग्रुप्पो’ म्हणतो. म्हणजे आज ज्याला ट्रिल म्हणतात ते त्याच्याकडे दुसऱ्याच नावाने आहे. लिओपोल्ड मोझार्टच्या 1756 च्या व्हायोलिन-शिक्षणग्रंथात ‘ट्रेमोलो’ची जी कृती दिली आहे ती आपल्या आजच्या व्हायब्रेटोची: तारेवरचं बोट दाबून हलवायचं. ढिली तार छेडल्यावर किंवा घंटा वाजवल्यावर नाद जसा मागे डोलत राहतो तसं हे, असं तो समजावतो, आणि त्याहून चांगलं वर्णन मला कुठे मिळालं नाही. इलेक्ट्रिक गिटारवर तर उलटापालट कायमची झाली. 1954 च्या स्ट्रॅटोकास्टर गिटारवरच्या दांडीला ‘ट्रेमोलो’ म्हटलं गेलं, पण ती तारांचा ताण बदलते, म्हणजे उंची हलवते. आणि काही अ‍ॅम्प्लिफायरांवर ‘व्हायब्रेटो’ असं लिहिलेली कळ फिरवली की हलतो तो जोर. त्यामुळे ‘ट्रेमोलो’च्या कार्डावर शेवटी चार अर्थ गेले: एकाच स्वराचे जलद आघात, पियानोवर दोन दूरच्या स्वरांची जलद अदलाबदल (लगतच्या स्वरांची असेल तर तिला ट्रिलच म्हणतात), जोराची थरथर, आणि जुन्या लेखनात किंवा गिटारवाल्यांच्या बोलण्यात व्हायब्रेटो. भाषांतर करताना आधी वाद्य आणि साल बघा, मग शब्द निवडा.

पहिल्या अर्थाची एक गोष्ट नोंदीत मुद्दाम ठेवली आहे. क्लाउदिओ मोंतेवेर्दीने 1624 मध्ये सादर झालेल्या एका युद्धप्रसंगाच्या संगीतात तंतुवाद्यांना एका दीर्घ स्वराच्या काळात तोच स्वर सोळा वेळा वाजवायला सांगितलं. ती रचना 1638 मध्ये छापली तेव्हा त्याने प्रस्तावनेत लिहिलं की वादकांना आधी हे हास्यास्पद वाटलं आणि ते सोळाऐवजी एकदाच वाजवून मोकळे झाले. आज स्वराच्या दांडीवर तीन तिरक्या रेघा दिसल्या की कुठलाही व्हायोलिनवादक न विचारता धनू (वाजवायचा गज) थरथरवतो.

ऑगस्ट मोजण्यात गेला. दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर ‘जलद’ किंवा ‘संथ’ असं लिहून काम भागत नाही. ऑडॅसिटी आणि प्राट ही दोन्ही सॉफ्टवेअरं मोफत मिळतात आणि एवढ्या कामाला पुरतात. ऑडॅसिटीत ध्वनिमुद्रणाचा चार-पाच सेकंदांचा तुकडा कापून ‘चेंज टेम्पो’ने निम्म्या वेगावर आणायचा. ‘चेंज स्पीड’ वापरू नका. त्याने वेगाबरोबर सूरही उतरतो आणि कान फसतो. प्राटमध्ये तोच तुकडा मूळ वेगात उघडून उंचीचा आलेख काढायचा, दोन सेकंदांतली शिखरं मोजायची आणि दोनाने भागायचं. शिखरापासून तळापर्यंतचं अंतर सेंटमध्ये वाचायचं. बारा अर्धस्वरांच्या सप्तकात एका अर्धस्वराचे 100 सेंट होतात.

यात चुका कुठे होतात ते नीट सांगतो, कारण ते कुठेच सलग लिहिलेलं मिळालं नाही. तंबोऱ्यासह मुद्रित केलेलं गाणं दिलं की आलेख गायकाला सोडून मध्येच तंबोऱ्याला धरतो, आणि सरळ स्वरातही उड्या दिसतात. ‘स्वर थरथरतोय’ अशा तीन चुकीच्या नोंदी याच कारणाने झाल्या होत्या. उपाय सोपा: तंबोरा कानात हेडफोनने ऐकायचा आणि मायक्रोफोनसमोर फक्त गळा. दुसरं, आलेखाची खालची मर्यादा फार खाली ठेवली तर सॉफ्टवेअर सूर एक सप्तक खाली वाचतं. गाणाऱ्याचा सर्वांत खालचा स्वर किती हर्ट्झ आहे ते पाहून मर्यादा त्याच्या थोडी खाली ठेवायची. तिसरं, आलेखातली गुळगुळीत करण्याची सोय बंद ठेवा. ती चालू असेल तर मुरकीसारखी चपळ गोष्ट सरळ टेकाड होऊन बसते. आणि ‘क’, ‘ट’, ‘प’ अशा व्यंजनांपाशी आलेख तुटतो, म्हणून मोजायला ‘आ’कारातलाच तुकडा घ्यायचा.

एवढं केल्यावर आकडे स्थिर येऊ लागले. पाश्चात्त्य पद्धतीच्या शिकलेल्या गळ्यात व्हायब्रेटो सेकंदाला साधारण 5 ते 7 वेळा होतो. पाचाच्या बराच खाली गेला तर स्वर डगमगल्यासारखा वाटतो, आठाच्या वर गेला तर घाबरल्यासारखा. झोक्याची रुंदी गायकागणिक बदलते, पण 100 सेंटच्या आसपास असली तरी कान एकच स्वर ऐकतो. ही गोष्ट आलेख पाहिल्याशिवाय पटत नाही. डोळ्यांना स्पष्ट दोन स्वर दिसतात आणि कानाला एक. बिघडलेल्या, मेंढरासारख्या थरथरीलाही जर्मनमध्ये नाव आहे: ‘बॉक्सट्रिलर’, बोकडाची ट्रिल.

सप्टेंबरमध्ये तिसऱ्या प्रश्नाकडे, म्हणजे दुसऱ्या स्वराकडे वळलो, आणि या सगळ्या कामातला सर्वांत आनंदाचा दिवस तिथे आला. भातखंडे स्वरलिपीत एखादा स्वर कंसात लिहिलेला असतो. (सा) असं दिसलं की गायचं: रे सा नी सा. पुढचा, तोच, मागचा, तोच. (प) असेल तर ध प म प. याला कुणी खटका म्हणतात, कुणी मुरकी. जोराने झटकून घेतला तर खटका आणि हलकेच वळवला तर मुरकी, असा भेद बरेच शिक्षक करतात. आता पाश्चात्त्य स्वरलिपीतली आडवी पडलेली ‘एस’सारखी खूण घ्या. इंग्रजीत ‘टर्न’, इटालियनमध्ये ‘ग्रुपेत्तो’, म्हणजे लहानसा घोळका. वाजवायचं: वरचा, मूळ, खालचा, मूळ. तीच चार पावलं, त्याच क्रमाने. दोन्ही कार्डं शेजारी ठेवून पाचदा गाऊन पाहिलं. फरक उरतो तो वजनाचा: खटक्यात पहिल्याच स्वरावर आघात असतो आणि चारही स्वर एका झटक्यात येतात, टर्न संथ गतीत अगदी निवांतही असू शकतो. पण नकाशा एकच. ‘टर्न’ला ‘वळण’ असा शब्द घडवण्याच्या बेतात होतो. ‘मुरकी’त मुरडणं आधीपासूनच आहे.

ट्रिलच्या बाबतीत सुरुवातीचा स्वर साल पाहून ठरतो. योहान सेबास्टियन बाखने 1720 मध्ये आपल्या मुलासाठी सुरू केलेल्या वहीत अलंकारांचा तक्ता लिहून दिला आहे. त्यात ट्रिल वरच्या स्वरापासून सुरू होते. 1828 मध्ये योहान नेपोमुक हुमेलने पियानोच्या शिक्षणग्रंथात मूळ स्वरापासून सुरू करायला सांगितलं. सुमारे शंभर वर्षांत खूण तीच राहिली आणि पहिला स्वर बदलला. ‘मॉर्डेंट’चा गोंधळ त्याहून वाईट. शब्दाचा अर्थ चावा. बाखच्या तक्त्यात तो मूळ, खालचा, मूळ असा आहे. पण काही पुस्तकं ‘मॉर्डेंट’ म्हणजे वर जाऊन येणं धरतात आणि खाली जाण्याला ‘उलटा’ म्हणतात, काही बरोबर याच्या विरुद्ध. म्हणून नोंदीत ‘उलटा’ हा शब्दच वापरला नाही. ‘खालचा चावा’ आणि ‘वरचा चावा’ असं लिहिलं. ‘आपोज्जातुरा’ (टेकणं) आणि ‘आचाक्कातुरा’ (चिरडणं) यांची नावं मात्र कृतीच सांगतात: पहिल्यात आगंतुक स्वर मूळ स्वराचा साधारण निम्मा वेळ घेऊन त्यावर टेकतो, दुसऱ्यात तो क्षणात चिरडला जातो. आपला कण या दुसऱ्याच्या जवळचा. भातखंडे लिपीत तो मूळ स्वराच्या डोक्यावर डावीकडे बारीक अक्षरात लिहितात. वाचताना नवखे त्याला पूर्ण मात्रा देतात आणि ताल चुकतो. कणाला स्वतःची मात्रा नसते.

संगीतरत्नाकर या जुन्या संस्कृत संगीतग्रंथाची प्रत मिळायला वेळ लागला. संदर्भ विभागातलं पुस्तक घरी देत नाहीत. अर्ज, ओळखपत्राची प्रत, मग ग्रंथपालांची सही, आणि बांधणी सुटत असल्यामुळे छायाप्रत काढायला वेगळी परवानगी. अर्जापासून प्रत हातात येईपर्यंत 11 दिवस गेले. जाताना अध्यायाचं नाव लिहून न्या: गमकांचा भाग तिसऱ्या, प्रकीर्णक अध्यायात आहे. नाहीतर सात अध्यायांत शोधण्यातच एक दिवस जातो. टीका, म्हणजे श्लोकांचं विवेचन, छापलेली आवृत्ती मागा. नुसत्या मूळ श्लोकांवरून वेगांचा हिशेब सुटत नाही.

शार्ङ्गदेवाने हा ग्रंथ 13 व्या शतकात, देवगिरीच्या यादव राजा सिंघणाच्या आश्रयाला असताना लिहिला. त्याची व्याख्या एका ओळीची: ‘स्वरस्य कम्पो गमकः श्रोतृचित्तसुखावहः’. ऐकणाऱ्याच्या चित्ताला सुख देणारा स्वराचा कंप म्हणजे गमक. पुढे 15 प्रकार: तिरिप, स्फुरित, कंपित, लीन, आंदोलित, वली, त्रिभिन्न, कुरुल, आहत, उल्लासित, प्लावित, हुंफित, मुद्रित, नामित, मिश्रित. आणि इथे तो तेच करतो जे करायला मला दोन महिने लागले होते: कंपाला वेगाने ओळखतो. तिरिप द्रुताच्या चौथ्या हिश्शाच्या वेगाने, इवल्याशा डमरूच्या आवाजासारखा. स्फुरित द्रुताच्या तिसऱ्या हिश्शाने, कंपित निम्म्याने, लीन पूर्ण द्रुताने, आंदोलित लघूच्या मापाने आणि प्लावित प्लुताच्या. द्रुत म्हणजे अर्धी मात्रा, लघु एक, प्लुत तीन. आणि मात्रा म्हणजे पाच ऱ्हस्व अक्षरं उच्चारायचा वेळ.

मग ते उच्चारून पाहिलं. ‘क च ट त प’ सहज बोलण्याच्या लयीत दहा वेळा म्हटलं, घड्याळ लावून. 9 ते 11 सेकंद. म्हणजे मात्रा सुमारे एका सेकंदाची. हे माझ्या तोंडाचं माप आहे, ग्रंथातलं नव्हे. तुम्ही संथ बोलत असाल तर आकडे उतरतील. पण या मापाने तिरिप सेकंदाला 8 वेळा, स्फुरित 6, कंपित 4, लीन 2, आंदोलित 1, आणि प्लावित तीन सेकंदांत एकदा. ऑगस्टमधल्या मोजणीतला व्हायब्रेटो 5 ते 7. तो कंपिताच्या वरून तिरिपाच्या अलीकडे, स्फुरिताच्या आजूबाजूला जाऊन बसला. सहा पायऱ्यांची ही शिडी मग यादीच्या दुसऱ्या रकान्यासाठी तशीच वापरली. ‘जलद-संथ’ हे शब्द खोडून टाकले.

उरलेल्या प्रकारांत वेग महत्त्वाचा नाही, कृती आहे. आहत पुढच्या स्वराला स्पर्श करून परततो. नामित खाली वाकतो. हुंफितात छातीतून हुंकार. मुद्रित म्हणजे तोंड मिटून केलेला. आज ‘मुद्रित’ म्हटलं की छापलेलं, त्यामुळे रोजच्या अर्थाचा रकाना इथेही भरावा लागला.

एक धोका लक्षात ठेवा: जुनं नाव आणि आजचं नाव सारखं दिसलं म्हणून वस्तू सारखी नसते. कर्नाटक संगीतात गमक म्हणजे स्वराला दिलेली जवळजवळ कोणतीही वळणदार हालचाल. सुब्बराम दीक्षितरांनी 1904 च्या संगीत संप्रदाय प्रदर्शिनीत प्रत्येक प्रकाराला खूण दिली, त्यात घसरत जाणाऱ्या ‘जारू’लाही. तिथे ‘स्फुरितम्’ म्हणजे स स, रि रि अशा जोडस्वरांत दुसऱ्या स्वराला खालून दिलेला हलका धक्का. वेगाचं माप त्यात नाही. हिंदुस्थानी गवई ‘गमक’ म्हणतो तेव्हा त्याला भारदस्त, छातीतून येणारा हेलकावा अभिप्रेत असतो, बहुधा तानेत. तीन परंपरा, तीन अर्थ. नोंदीत तिन्ही वेगळे लिहा. एक करायला गेलात तर तिघांपैकी दोन वाचक चुकतील.

ऑक्टोबरात वाद्यं हातात घेतली, कारण काही शब्द फक्त हाताच्या हालचालीत आहेत. सतारीवर जमजमा: तर्जनी एका पडद्यावर ठेवून मिझराबीचा (बोटात घालायच्या नखीचा) एकच आघात द्यायचा आणि तो नाद जिवंत असेपर्यंत मधलं बोट पुढच्या पडद्यावर आपटायचं. बोट दोन पडद्यांच्या मधोमध पडलं तर स्वर मुका होतो. ते पडद्याला लागूनच पडायला हवं. त्याच बोटाने उचलताना तार ओढून खालचा स्वर वाजवला की कृंतन. एका पडद्यावर तार आडवी ताणत वरच्या स्वराला नेली की मींड, आणि बोट तारेवरून पडदे ओलांडत सरकवलं की घसीट. सरोद-सारंगीसारख्या बिनपडद्याच्या वाद्यावर हीच घसरण सूत. जमजमा या शब्दाचा फारसीतला अर्थ गुणगुण. तो वाजताना ऐकलात तर नाव पटतं.

वाद्याच्या मर्यादाही अर्थ ठरवतात. हार्मोनियमवर मींड होतच नाही. तिथे ‘ट्रेमोलो’ लिहिलेली खुंटी ओढली की वाऱ्याच्या वाटेतली झडप थरथरते आणि जोर हलतो. अ‍ॅकॉर्डियनमध्ये एकाच स्वराच्या, आत नाद देणाऱ्या धातूच्या दोन पट्ट्या (रीड) एकमेकींशी किंचित बेसूर लावलेल्या असतात: एक 440 हर्ट्झला, दुसरी 444 ला, तर सेकंदाला बरोबर 4 ठोके ऐकू येतात. तिथे जोर हलवणारा वेगळा भाग कुठेच नाही, तरी थरथर आहे. क्लॅव्हिकॉर्डवर (पियानोच्या आधीचं, पट्ट्यांचं तंतुवाद्य) पट्टी दाबून धरली की तिच्या टोकाचा पितळी तुकडा तारेला टेकलेलाच राहतो, म्हणून बोटाचा दाब कमी-जास्त केला की सूर थरथरतो. जर्मन नाव ‘बेबुंग’, म्हणजे कंपच. पियानोवर हे करता येत नाही, कारण हातोडी वाजवून लगेच परत जाते.

नोव्हेंबरात तपासणी. 20 तुकडे एका गायिकेला आणि एका सतारवादकाला वेगवेगळे ऐकवले, नाव विचारलं. 13 तुकड्यांना दोघांनी एकच नाव दिलं. मतभेद झाले ते बहुतेक खटका-मुरकी आणि आंदोलन-मींड या जोड्यांत. दरबारी कानड्यातला कोमल गांधार हा त्यातला कळीचा तुकडा. गायिका म्हणाली आंदोलन, सतारवादक म्हणाले, “मींडच आहे, पण परत-परत घेतलीय.” दोघंही बरोबर होते. सतारीवर तो गांधार तार ताणूनच झुलवावा लागतो, त्यामुळे हाताला ती मींड. कानाला मात्र जाणं-येणं ठरावीक संथ लयीत होतं, तोंडाने मोजता येईल इतकं, म्हणून आंदोलन. यानंतर चौथा प्रश्न जोडला: नाव कोण देतोय, करणारा की ऐकणारा? सात नोंदी त्याने पुन्हा लिहाव्या लागल्या.

शेवटी राहिले ते साधे मराठी शब्द, जे कोणत्याही संगीतग्रंथात नाहीत: थरथर, कापरा, कातर, हेल, लकेर, झंकार, गुणगुण. हे टाळायचा विचार होता. बरं झालं टाळले नाहीत. ‘कापरा’ आणि ‘कातर’ आवाजाचे तुकडे मोजले तेव्हा शिखरांमधली अंतरं कमी-जास्त निघाली. व्हायब्रेटोत ती जवळजवळ सारखी असतात. कानाला भीती किंवा रडू ऐकू येतं ते या अनियमिततेतून. ‘हेल’ मध्ये उंची एकदाच वर जाऊन येते, वाक्याच्या शेवटी. ‘झंकार’ मध्ये काहीच हलत नाही; आघातानंतर मागे राहणारा नाद आहे तो, आणि कोशांत तो कंपाखाली घातलेला सापडतो तो चूक आहे.

व्हायब्रेटोसाठी ‘डोल’ हा शब्द घेतला, कारण स्वर डोलतो हे आपण म्हणतोच. ट्रिल तशीच ठेवली. 21 नोव्हेंबरला तो अडलेला परिच्छेद पुन्हा उघडला आणि लिहिलं: ‘प्रत्येक दीर्घ स्वराला डोल आहे, धनूचे थरथरते आघात कुठेही नाहीत, आणि जिथे ट्रिलची खूण आहे तिथेही वादकाने वरच्या स्वराला न शिवता मूळ स्वर सरळ धरून ठेवला आहे.’